२० मिमी जाड पट्टीत २७ मिमीची भोके: घरच्या साधनांनी कशी पाडावीत?

हौशी कारागीर, सांगली

नमस्कार. घरामागच्या शेडमध्ये मी २० टनी हायड्रॉलिक प्रेसची चौकट बनवत आहे. तिच्या एमएसच्या (माइल्ड स्टील, म्हणजे साध्या मऊ पोलादाच्या) पट्ट्या २० मिमी जाड असून, २५ मिमीच्या पिना सहज सरकाव्यात म्हणून त्यांत २७ मिमीची एकूण ८ भोके हवी आहेत. माझ्याकडे १३ मिमी चकचे हँड ड्रिल आणि तेवढ्याच क्षमतेचे बेंच ड्रिल आहे. त्याचा सर्वांत कमी वेग मिनिटाला ५२० फेरे आहे. बायमेटल होलसॉ (कडेला करवतीचे दात असलेली, गोल भोक कापणारी वाटी) लावून पाहिला, तर ४ मिमी आत गेल्यावर धूर निघाला, कीस निळा पडला आणि दात बोटाला गुळगुळीत लागू लागले. दुसरा होलसॉ आणावा की मोठे ड्रिल घ्यावे?

जुना फिटर

दात गेले ते वेगामुळे. एमएससाठी एचएसएसच्या (हायस्पीड स्टील, या दातांचे पोलाद) धारेचा वेग मिनिटाला सुमारे २५ मीटर धरतात. २७ मिमी व्यासाला त्याचे २९५ फेरे होतात, आणि तुमच्या मशीनवर तीच धार ४४ मीटरने धावत होती. होलसॉ असेल तर मी २०० च्या वर जात नाही, कारण त्याच्या खाचेतल्या किसाला बाहेर पडायला वाट नसते आणि दात तोच कीस पुन्हा पुन्हा दळत बसतात. यावर जुनी युक्ती अशी, की २७ मिमीचे वर्तुळ आखून त्याच्या आतल्या बाजूने, रेघेला टेकेल असे ८ मिमीचे भोक आधी आरपार पाडावे, म्हणजे कीस त्यातून खाली गळतो. पायलटचे, म्हणजे मधल्या मार्गदर्शक ड्रिलचे भोकही आरपार ठेवले, तर अर्ध्यावर पट्टी उलटून दुसऱ्या बाजूने कापता येते. कटिंग ऑइलची कंजूषी करू नये.

१३ मिमी शँकचे (चकमध्ये धरायच्या दांड्याचे) २७ मिमी ड्रिल बाजारात मिळते, परंतु ते हँड ड्रिलला कृपया लावू नका. पलीकडे बाहेर पडताना धार अडकते, ड्रिल जागीच थांबते आणि मशीन तुमच्या हातासकट फिरते. माझे डावे मनगट त्यापायी ६ आठवडे प्लास्टरमध्ये होते. हातमोजेही नकोत, कीस त्यांना ओढून घेतो.

शेड क्रमांक ४

फिटरसाहेबांची युक्ती खरी आहे, पण ८ भोकांना त्यात दोन दिवस जातील. मॅग्नेटिक ड्रिल (विजेच्या चुंबकाने पट्टीलाच चिकटून उभे राहणारे मशीन) एका दिवसासाठी भाड्याने घ्यावे आणि २७ मिमीचा ॲन्युलर कटर तेवढा विकत घ्यावा. हा कटर फक्त कडी कापतो आणि मधला गोळा अखंड बाहेर टाकतो. २० मिमी जाडीवर चुंबक भक्कम बसतो. मात्र पायलटचे भोक आधी पाडू नये. कटरमधली पिन घन पृष्ठावर टेकली तरच ती वर सरकते, तेल आत सोडते आणि शेवटी गोळा ढकलते, म्हणून पंचाची खूण पुरे. दोन पट्ट्या एकावर एक ठेवूनही कापू नयेत, कारण वरचा गोळा कटरमध्ये सुटा फिरून खालच्या पट्टीत दात मोडतो. वीज गेली की चुंबक सुटतो, तेव्हा साखळी बांधल्याशिवाय सुरुवात नको. आपल्याकडे दुपारी काय होते, हे वेगळे सांगायला नको.

हौशी कारागीर, सांगली

आभारी आहे. शेजारचे फॅब्रिकेटर दादा म्हणतात, की गॅसने कापून घ्या, १० मिनिटांचे काम आहे.

जुना फिटर

गेटच्या बिजागरीला चालेल, प्रेसला नाही. हाताने धरलेल्या गॅस कटरचे भोक खडबडीत आणि किंचित निमुळते निघते. त्यामुळे पिन पूर्ण जाडीवर न टेकता दोन-तीन उंचवट्यांवरच टेकते, आणि २० टनांचा भार तेवढ्यावरच येतो.

हौशी कारागीर, सांगली

कुपवाड एमआयडीसीतून मॅग्नेटिक ड्रिल आणले. पहिल्या भोकाला चुंबक डगमगला, तेव्हा पट्टीवरचा काळा पापुद्रा ग्राइंडरने घासून काढला. त्यानंतरची ७ भोके एका दुपारीत झाली. पिन मात्र आठव्या भोकात अडकत होती. पट्टी उलटून पाहिली तर खालच्या कडेला बर, म्हणजे कापताना उरलेली धातूची धारदार कोर होती. गोल कानशीने काढल्यावर ती सहज आत गेली.