पोरांच्या पावलांचा हिशेब रोज व्हॉट्सॲपवर? मला नाही पटत

टिळकवाडीकर: आमच्या अपार्टमेंटच्या ग्रुपवर एकानं लांबलचक मेसेज टाकलाय, ‘मुलांना आरोग्याच्या सवयी लावूया’. प्रत्येक पोरानं रोज रात्री स्टेप्सचा स्क्रीनशॉट, पाण्याचे ग्लास आणि झोपायची वेळ टाकायची, महिन्याला पहिल्या तिघांना बक्षीस. आणि शेवटी लिहिलंय, ‘ज्यांना मुलांची काळजी आहे ते नक्की सामील होतील’. म्हणजे बाकीच्यांना काळजी नाही? तिथं बोललो तर लिफ्टमध्ये तोंडं बघावी लागतात म्हणून इथं लिहितोय. पोरांच्या हातातला फोन सुटावा म्हणून आपण बोंबलायचं आणि हा गडी म्हणतोय फोन घेऊनच पळा. टार्गेट दहा हजार. हा आकडा काय कुठल्या डॉक्टरानं तपासून दिलेला नाही, १९६५ ला जपानमध्ये पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलं तेव्हा जाहिरातीला धरलेला आकडा तो. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयाच्या पोरांना पावलं सांगतच नाही, दिवसाला सरासरी ६० मिनिटं चांगला दम लागेल अशी हालचाल सांगते. आणि आमच्या शेजारचा पोरगा फोन झोपाळ्याला बांधून खाली बसून चिप्स खातोय. यादीत पहिला!

निपाणीवाला: झोपाळ्यावाल्याला इंजिनिअरिंगला घाला, पुढं जाईल. पण तुमचं एकांगी चाललंय साहेब. माझ्या भाच्याचं वजन वाढत चाललेलं, घरच्यांनी सांगून झालं, डॉक्टरांनी सांगून झालं, ढिम्म. मित्रांबरोबर स्टेप्सची पैज लागली तसा स्वतः उठून चालायला लागला. आता गल्लीत गाडी मागत नाही, चालत जातोय. तुम्ही दहा हजाराची कुंडली मांडत बसा.

टिळकवाडीकर: पैज संपल्यावर काय?

निपाणीवाला: संपल्यावर बघू की. तुमच्याकडं काय उपाय आहे ते सांगा, नुसती नावं ठेवू नका.

वडगावचा पैलवान: उपाय मी सांगतो. तालीम. मी मुद्दाम खिशात फोन ठेवून जोर-बैठका मारून बघितल्या, स्टेप्स जवळपास शून्य! मातीत तासभर घाम गाळलेला पोरगा तुमच्या ॲपला आळशी दिसतोय आणि मॉलमधून फिरून आलेला तंदुरुस्त. पहाटे उठणं, वेळेत जेवणं, लवकर झोपणं, वस्तादाची एक हाक आली की सगळं आपोआप लागतंय. बेळगावात तालमी कमी आहेत का? पण पोरांना माती लागलेली चालत नाही आयांना.

मास्तरीणबाई: माझं जरा वेगळं. कोण म्हणालं आणखी एक ॲप आणूया की माझ्या पोटात गोळा येतोय. हजेरीची एन्ट्री, जेवणाची एन्ट्री, दुधाची एन्ट्री, लोहाच्या निळ्या गोळीची एन्ट्री, १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टला जंताच्या गोळीची. गोळी गिळायला पोराला एक मिनिट, ती भरायला मला रेंज शोधत गच्चीवर जायचं. पण खरं सांगू, आठवड्याची ठरलेली गोळी मुली वर्गात एकमेकींच्या बघून घेतात, घरी दिली तर दप्तरातच राहते. सवय अशी लागते.

खानापूरकर: रेंज म्हणालात म्हणून, कणकुंबीकडं या एकदा पावसात. तिकडची पोरं तसंही चालतच शाळेला जातात, त्यांना स्टेप मोजायचं यंत्र नको, वेळेवर बस द्या. शहरातल्या लोकांचे चोचले सगळे.

अनगोळवाला: आणि ह्या असल्या ॲपचे मेसेज कन्नड नाहीतर इंग्लिश, मराठी कुठंय?

निपाणीवाला: तो विषय इथं नको रे बाबा, रात्र जाईल.

शहापूरची सून: पैलवान, तालमीत पोरींना कोण घेतंय ते आधी सांगा. माझी लेक तेरा वर्षांची. अंधार पडला की बाहेर सोडायची सोय नाही, मैदानावर पोरांचं क्रिकेट, रस्त्यावर कुत्री. ती व्हिडिओ लावून खोलीत सूर्यनमस्कार घालते. हे ऑनलाइन नसतं तर तिनं काय फक्त भांडी घासायची?

वडगावचा पैलवान: मुली कुस्ती खेळतात की आता. साक्षी मलिकनं २०१६ ला रिओत पदक आणलं, विसरला काय?

शहापूरची सून: रिओचं नका सांगू हो, शहापूर-वडगावचं सांगा. कपडे बदलायला खोली आहे तुमच्या तालमीत?

वडगावचा पैलवान: वैनी, तालमीला नावं ठेवायचं काम नाही. आधी येऊन बघा.

शहापूरची सून: म्हणजे नाही. कळालं.

निपाणीवाला: 😂 चितपट.

वडगावचा पैलवान: तू हसू नकोस लेका, तू शेवटचं पळालास कधी?

पीयूसी-फर्स्ट: मी सतरा वर्षांची आहे, सगळे काका लोक आमच्याबद्दलच बोलालेत म्हणून लिहिते. सकाळी ट्यूशन, मग कॉलेज, परत ट्यूशन. आमच्या वयाला ८ ते १० तास झोप पाहिजे म्हणतात, कधी झोपायचं? झोपेचा स्क्रीनशॉट मागायच्या आधी ट्यूशनची वेळ बदला. आणि मी पाळीची तारीख ॲपमध्ये लिहिते, त्यामुळे परीक्षेच्या वेळी काय होतंय ते आधी कळतं. ह्याचा मला उपयोग आहे. तो स्क्रीनशॉट कुठल्या ग्रुपवर टाकायचा?

टिळकवाडीकर: बरोबर बोललीस बाळा, हाच माझा मुद्दा. पोरांची माहिती चव्हाट्यावर कशाला? २०२३ च्या डेटा कायद्यात १८ खालच्यांची माहिती घ्यायला आईबापाची पडताळलेली संमती लागते असं लिहिलंय, आणि आपण स्वतःच ग्रुपवर वाटत सुटलोय. ती पाळीची तारीख पण कुठल्या कंपनीकडं जाते बघ जरा.

पीयूसी-फर्स्ट: हा तुमचा मुद्दा नव्हता काका. तुमचा मुद्दा फोनच नको असा होता. आणि संमती म्हणजे आता तारीख लिहायला पण पप्पांना विचारू का?

शहापूरची सून: 👏

टिळकवाडीकर: ठीक आहे, ॲप ठेवा. यादी आणि बक्षीस बंद करा, एवढंच म्हणतो. आणि पोरांआधी आईबापांनी आपला स्क्रीन टाइम ग्रुपवर टाकावा, बघू किती जण सामील होतात.

निपाणीवाला: तुमच्यापासून सुरुवात करा, सकाळपासून इथंच आहात.

मास्तरीणबाई: 😄 एन्ट्री मी करणार नाही, आधीच सांगते.

वडगावचा पैलवान: वस्तादांशी बोललो. खोलीला दार बसवून घेतो म्हणालेत. रविवारी सकाळी सातला फक्त मुलींना, कोण येणार आहे ते सांगा.

शहापूरची सून: सातला आमच्याकडं पाणी सुटतंय. आठला करा.