ड्रिलच्या चार्जरमध्ये पाणी गेले आहे. दुरुस्ती शक्य आहे का?

प्रश्न: कॉर्डलेस ड्रिलचा चार्जर पावसात भिजला. पूर्ण वाळवून लावला, तरी लाल दिवा लुकलुकत राहतो आणि बॅटरी चार्ज होत नाही. चार्जरच्या आतल्या सर्किट बोर्डावर पांढरट-हिरवा थर दिसतो. काय करावे?

प्रतिसाद १: प्रथम प्लग काढा. २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर मुख्य कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) सुमारे ३२५ व्होल्ट साठतात आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ टिकू शकतात, म्हणून मल्टिमीटरने (व्होल्ट मोजणाऱ्या उपकरणाने) खात्री केल्याशिवाय बोर्डाला हात लावू नये. तो थर म्हणजे गंज आणि क्षार; पाणी वाळले तरी ते तिथेच राहतात आणि ओलावा मिळताच वीज भलतीकडे वाहू लागते. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने तो घासून काढा. (तांदळाच्या डब्यात ठेवून क्षार निघत नाहीत.)

प्रतिसाद २: दिवा लागतो, म्हणजे फ्यूज शाबूत असावा. माझा संशय बॅटरीचे तापमान मोजण्यासाठी असलेल्या टर्मिनलवर (बॅटरीला टेकणाऱ्या धातूच्या पट्टीवर) आहे, कारण तिथे गंज चढला की रोध (विजेला होणारा अडथळा) बदलतो आणि चार्जर बॅटरी फार गरम किंवा फार थंड समजून चार्जिंग रोखतो. बॅटरीही भिजली असेल, तर ती मात्र चार्ज करू नका.

प्रश्नकर्ता: बॅटरी कोरडीच होती. टर्मिनल साफ केल्यावर दिवा स्थिर झाला आहे.

प्रतिसाद १: तरीही ट्रान्सफॉर्मरखालची बाजू तपासा, थर बहुधा तिथेच दडून राहतो.