आणखी एक मंडळ काढून टँकर थांबणार आहेत का?

मांजराकाठ
परवा इथे एका निवृत्त साहेबांनी लिहिलं की राज्याला एकच पाणीपुरवठा मंडळ द्या, सगळी खाती त्याच्या हाताखाली आणा, नियोजन आणि पाण्याचं रक्षण एकाच ठिकाणाहून होऊ द्या, म्हणजे पाच वर्षांत टँकर दिसणार नाहीत. वाचल्यापासून डोक्यातून जाईना, म्हणून सविस्तर लिहितोय.

मी लातूरचा. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. पहिल्या फेरीला दहा टाक्या, पाच लाख लिटर. आमच्या घरी तेव्हा आंघोळीचं पाणी परातीत धरून फरशीला आणि भांड्यांचं पाणी संडासात वापरत होतो. आईने त्या उन्हाळ्यात तुळसही वाळू दिली. तिच्यासाठी ते किती मोठं होतं, ते घरातल्यांनाच माहीत.

हे काय मंडळ नव्हतं म्हणून झालं? १९७६ च्या कायद्याने पाणीपुरवठा व जलनिस्सारण मंडळ आलं. १९९७ ला त्याचं जीवन प्राधिकरण झालं. २००५ च्या कायद्याने मजनिप्रा, म्हणजे महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण आलं. त्याच कायद्यात मुख्य सचिवांचं राज्य जलमंडळ आहे आणि मुख्यमंत्र्यांची जलपरिषदही आहे. आधी राज्याचा एकात्मिक जल आराखडा करायचा आणि त्यात बसेल त्याच प्रकल्पाला मान्यता द्यायची, असं ठरलं. परिषदेची पहिली बैठक व्हायला २०१५ उजाडलं. मधल्या काळात आराखडा नसतानाच प्रकल्प मंजूर होत राहिले. शेवटी लोकांना उच्च न्यायालयात जावं लागलं.

लातूरला पाणी देणाऱ्या मांजरा धरणाचा तळ दिसायला लागला तेव्हाही खोऱ्यात ऊस उभा होता. 'यंदा नाही' एवढं म्हणायला त्या तीन-चार संस्थांमधलं कोणी पुढे आलं नाही. तुमचं नवं मंडळ ते म्हणणार असेल, तर कोणाला म्हणणार, कोणत्या कलमाने म्हणणार, ते लिहा.

जुना उपअभियंता
ती पोस्ट माझी. २००५ चा कायदा मला शिकवू नका, त्याची परिपत्रकं माझ्या टेबलावरून गेलेली आहेत.

मी नोकरीत काय पाहिलं ते सांगतो. दोन गावांची योजना केली. पाझर तलावाच्या खाली विहीर, उद्भव म्हणजे पाण्याचा स्रोत चांगला, चाचणीला भरपूर पाणी. तीन वर्षांत तलावाच्या आसपास खाजगी विहिरी झाल्या आणि एप्रिलमध्ये आमच्या विहिरीत बादली बुडेना. टाकी उभी, पाइप पुरलेला, नळाच्या तोट्या चकचकीत. तलाव जलसंधारणाचा, विहीर आमची, भूजलाचा अहवाल तिसऱ्या कार्यालयाकडे, वीजजोडणी चौथ्याकडे, आणि अडवायचा अधिकार महसूलकडे. लोकांनी शिव्या मात्र मला घातल्या. तालुक्याच्या बैठकीत एका बाईने रिकामी कळशी माझ्यासमोर ठेवली आणि एक शब्द न बोलता निघून गेली.

एकच धनी हवा म्हणतो तो यासाठी. जलजीवन मिशनमध्ये २०१९ पासून घरोघर नळ देतोय. उद्भवच टिकला नाही तर त्या नळाचं काय करायचं?

शहापूरची सून
काका, धनी एकच झाला तर तो मुंबईत बसणार. आमच्या तालुक्यात भातसा आहे, तानसा आहे, मोडकसागर आहे. तानसाचं पाणी तर १८९२ पासून मुंबईला जातंय. ते मोठे नळ आमच्या रस्त्याच्या कडेने जातात, आणि दर मे महिन्यात आमच्याच पाड्यांवर टँकर येतो. सासूबाई सांगतात, त्या लग्न होऊन आल्या तेव्हाही विहिरीच्या तळाशी उतरून वाटीने पाणी भरत होत्या. मुलगी दहावीला होती तेव्हा पहाटे चारला मी आणि ती दोघी विहिरीवर असायचो.

राज्याचं नियोजन म्हणजे ज्याच्याकडे मतं आणि पैसा, त्याच्याकडे पाणी. मंडळात आमच्या पाड्यावरची एक बाई बसणार आहे का, एवढंच सांगा.

गोदाकाठ वरचा
नियोजनाचं नाव काढलं की आम्हा नगर-नाशिकवाल्यांच्या पोटात गोळा येतो. नियोजन म्हणजे आमची धरणं उघडून खालचं, मराठवाड्यातलं जायकवाडी भरायचं. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ८.६ टीएमसी, म्हणजे ८.६ अब्ज घनफूट पाणी सोडायचा आदेश निघाला. पाऊस आमच्याकडेही कमीच होता.

मांजराकाठ
भाऊ, तिथे मी तुमच्या बाजूने नाही. समन्यायी वाटप कायद्यात आहे, जायकवाडी ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरून सोडायचं हे सूत्र अभ्यास समितीने घालून दिलं, आणि उच्च न्यायालयानेही २०१६ मध्ये समन्यायी वाटपाचं तत्त्व मान्य केलं. मला कबूल करावं लागतंय की तिथे कायदा आणि प्राधिकरण दोन्ही कामाला आले. साहेबांच्या बाजूने जाणारं तेवढं एक उदाहरण आहे. पण त्यासाठीही मराठवाड्याला वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या.

मोसंबीवाला
धरणं, टीएमसी, परिषद. अहो, आमच्या गावाला धरण कुठलं? आमचं पाणी जमिनीतलं. त्याच्यावर बोला.

जुना उपअभियंता
बरोबर बोललात. ग्रामीण पाणीयोजना बहुतेक भूजलावरच आहेत. २००९ चा भूजल कायदा २०१४ पासून लागू झाला आणि मजनिप्रालाच राज्य भूजल प्राधिकरण केलं. ६० मीटरपेक्षा खोल बोअरवर त्यात बंधन आहे. आता फूट मोजा, दोनशेच्या आत. तुमच्या शिवारात शेवटचा बोअर किती फुटांवर गेला?

मोसंबीवाला
साडेसातशे. माझाच आहे. खोटं कशाला बोलू?

२०१२-१३ ला माझी अकरा वर्षांची बाग वाळली. टँकरने पाणी घातलं, सोनं मोडलं, तरी गेली. झाडं तोडून सरपण केलं तेव्हा वडील शेतात यायचेच बंद झाले. नंतर पाणाड्याने हातावर नारळ ठेवून जागा दाखवली, तमिळनाडू पासिंगची बोअरची गाडी आली, पाचशेपर्यंत नुसता फुफाटा, साडेसातशेला दीड इंच पाणी लागलं. त्या दीड इंचावर दोन पोरांची शिक्षणं झाली. आता साहेब म्हणतात, साठ मीटर. साठ मीटरला काही लागत असतं तर कर्ज काढून खाली कशाला गेलो असतो? तुम्हाला महिन्याच्या महिन्याला पेन्शन येते.

शहापूरची सून
दादा, तुमच्या शेजारच्या विहिरीचं काय झालं ते पण लिहा.

मोसंबीवाला
ताई, तुम्हाला आमच्याकडचं काही माहीत नाही. उगाच बोलू नका.

मांजराकाठ
मला माहीत आहे, मी सांगतो. माझ्या बहिणीच्या शेतात आजोबांच्या काळची विहीर, पन्नास फूट, आठ महिने पाणी. २०१५ ला बांधापलीकडे एकाच महिन्यात तीन बोअर झाले. दुसऱ्या वर्षी तिच्या विहिरीत कबुतरं राहायला लागली. मेहुण्यांनीही मग बोअर घेतला, सहाशेला कोरडा. दुसरा घेतला, तोही कोरडा. ते कर्ज अजून फिटलेलं नाही. आणि ज्याने पहिला बोअर घेतला त्याचाही आटला. कोणी जिंकलं नाही हो त्यात.

आपल्याकडे वर मुरूम आणि मांजऱ्या म्हणजे मऊ खडक, खाली काळा पाषाण. दर पावसाळ्यात भरतं ते वरच्या थरात. खाली भेगेत साठलेलं एकदा उपसलं की परत कधी भरेल याचा भरवसा नाही.

मोसंबीवाला
मग मी काय करायला हवं होतं? आत्महत्या?

मांजराकाठ
भाऊ, असं बोलू नका. तुमच्या जागी मीही तेच केलं असतं. हा राग तुमच्यावर नाही. तुम्हाला तिथपर्यंत एकट्याला जाऊ दिलं, त्यावर आहे.

गोदाकाठ वरचा
बोअरवर गाडी घसरली सगळी. मंडळाचं काय?

जुना उपअभियंता
घसरू द्या, मंडळाचा प्रश्न तोच आहे. सार्वजनिक उद्भवापासून ५०० मीटरच्या आत विहीर घ्यायची तर परवानगी लागते, हे १९९३ च्या कायद्यापासून आहे. माझ्या सगळ्या नोकरीत ती परवानगी मागायला आलेला एक माणूस मी पाहिला नाही. गाडी रात्री लागते, सकाळी बोअरच्या तोंडाचा केसिंग पाइप दिसतो. सरपंच बोलत नाही, कारण गाडी त्याच्याच पाव्हण्याची असते.

मांजराकाठ, तुमचं एक मी मान्य करतो, मनापासून नाही पण करतो. वरचं मंडळ रात्री दोनला आलेली गाडी थांबवणार नाही. पण गावाने थांबवायची म्हटलं तर त्याच्या पाठीशी कोण उभं राहील? उद्या त्या सरपंचावर दबाव आला तर त्याने कुठे जायचं? हिवरे बाजारने बोअरबंदी गावाच्या बळावर पाळली. तसं नेतृत्व प्रत्येक गावात असेल असं धरून राज्य चालवता येत नाही.

मांजराकाठ
हे पहिल्या पोस्टमध्ये लिहिलं असतंत तर मी एवढा भडकलो नसतो. तुम्ही लिहिलं होतं 'सगळी खाती हाताखाली'. मला खाती नकोत. गावाने ठराव करून बोअर नाकारला तर तो ठराव टिकवणारं, उद्भवाच्या क्षेत्राची मोजणी करून ते सातबाऱ्यावर चढवणारं, आणि दर ऑक्टोबरला गावाच्या पाण्याचा ताळेबंद घेऊन पिकं ठरवायला लावणारं कोणी असेल, तर त्याला मंडळ म्हणा, प्राधिकरण म्हणा, माझी हरकत नाही. फक्त ताळेबंदाच्या दिवशी उसाचं क्षेत्रही त्यात धरा. नाहीतर मोसंबीवाल्याची दोन एकर दिसतील आणि कारखान्याचा पट्टा दिसणार नाही.

शहापूरची सून
आणि आमची धरणं? ती कोणत्या ताळेबंदात? पाणी ज्या तालुक्यात अडवलं, तिथल्या पाड्यांचं पिणं आधी काढून ठेवा आणि मग नळ पुढे न्या. हे लिहून दिल्याशिवाय मी तुमच्या कुठल्याच मंडळाला हो म्हणणार नाही.

जुना उपअभियंता
ताई, हे माझ्या पोस्टमध्ये नव्हतं. असायला हवं होतं.

मोसंबीवाला
माझ्या बोअरची नोंद करा. मीटर बसवा म्हणालात तरी बसवतो. पण त्याच दिवशी माझ्या वरच्या अंगाला ज्यांचे सात बोअर आणि शेततळं आहे, त्यांच्याकडेही जा. आधी त्यांच्याकडे जा, मग माझ्याकडे या. मी घरीच आहे.