कपाटात मॅजिकच्या कार्डांची सहा पाकिटं तशीच पडलीत आणि तुम्ही पुढच्या सेटचे प्रिव्ह्यू टाकताय

गिरणाकाठ_पांढरा (धागा सुरू करणारा)

काल रात्री आपल्या मॅजिकच्या (मॅजिक: द गॅदरिंग, कार्डांचा डावपेचाचा खेळ) गटात रावेर_निळाने पुढच्या सेटच्या, म्हणजे नव्या कार्डसंचाच्या, प्रिव्ह्यूंबद्दल (विक्रीआधी दाखवली जाणारी कार्डं) लिहिलं: "लॉर्विन एक्लिप्स्डचे प्रिव्ह्यू मी रोज टाकणार. प्रिव्ह्यू हाच मॅजिकचा निम्मा आनंद आहे. ज्यांना त्रास होतो त्यांनी डोळे मिटून घ्यावेत." मला त्रास होतो आणि मी डोळे मिटणार नाही. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

अवतार हा सेट २१ नोव्हेंबर २०२५ ला आला. लॉर्विन एक्लिप्स्ड २३ जानेवारी २०२६ ला येतोय. मोजून नऊ आठवडे. त्यातले तीन आठवडे आपला बॉक्स मुंबईहून जळगावला पोचण्यातच गेले. एक रविवार आठ जणांनी बसून ड्राफ्ट केला (पाकिटं फोडून, एकेक कार्ड निवडत जागेवरच डेक म्हणजे खेळायचा गठ्ठा बांधणं), २४ पाकिटं फुटली. उरलेली सहा पाकिटं माझ्या कपाटात आहेत. पुढच्या रविवारी ती फोडू म्हटलं, तर पाच जण मोबाइल पुढे धरून "हे आलं तर माझा एल्फचा डेक कसला होईल" यावर बोलत बसले. समोरच्या ताटाला हात न लावता उद्याच्या जेवणाची चर्चा.

पूर्वी वर्षाला चार मोठे सेट यायचे. २०२५ मध्ये स्टँडर्डचे (फक्त अलीकडच्या सेटांनी खेळायचा प्रकार) सहा झाले, २०२६ साठी सात जाहीर झालेत. एथरड्रिफ्ट १४ फेब्रुवारीला दुकानात आला आणि त्याच महिन्यात जूनच्या फायनल फँटसीची झलक दाखवली. एथरड्रिफ्टबद्दल आपल्यात कोणी दोन आठवडे तरी बोललं का? मी तेव्हा त्यातल्या एका वाहनाच्या कार्डाभोवती डेक बांधला होता. तो खेळायला समोर माणूस मिळाला एप्रिलमध्ये, आणि तोवर तार्कीरचा सेट आला होता.

आता माझ्या खिशाची गोष्ट. फायनल फँटसीचे प्रिव्ह्यू बघून मी एका लिजेंडरी कार्डाची प्रीऑर्डर केली, २,८०० रुपये. सगळे म्हणत होते की हे कार्ड चालणार. कार्ड हातात आलं तेव्हा तेच ९०० ला मिळत होतं. वर फॉइल (चकचकीत थराचं कार्ड) घेतलं होतं. आपल्या जूनच्या हवेत चार दिवसांत ते गच्चीवर वाळत टाकलेल्या बिबड्यासारखं वाकलं. स्लीव्हमध्ये (कार्डाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत) घातलं तरी डेकमध्ये कुठे आहे ते लांबून दिसतं. चूक माझी होती, पण ती चूक करायला लावणारं वातावरण रोजच्या प्रिव्ह्यूंनी तयार होतं. आपल्या गटात दहावी-बारावीची चार पोरं आहेत. त्यांच्यासमोर रोज हे टाकू नका, एवढंच माझं म्हणणं.

रावेर_निळा

भाऊ, तुम्ही जळगावात राहता. रविवारी चप्पल घालून दहा मिनिटांत टेबलावर पोचता. मी महिन्यातून एकदा पॅसेंजरने येतो, तेही केळीचा माल निघालेला नसेल तर. माझ्या गावात मॅजिक खेळणारा दुसरा माणूस नाही.

माल भरायचा असला की रात्री ट्रक येईपर्यंत मी शेताच्या बांधावर बसलेला असतो. साडेदहाला नवीन कार्डं दिसतात. सिअ‍ॅटलकडे तेव्हा सकाळ असते, कंपनी तिथलीच. तिथला माणूस आणि मी एकच कार्ड एकाच मिनिटाला पहिल्यांदा वाचतो. या खेळात मला वेळेवर आणि फुकट मिळणारी ही एकच गोष्ट आहे. बॉक्स उशिरा येतो, सिंगल्स म्हणजे सुटी कार्डं महाग पडतात, प्रीरिलीजला (सेट येण्याआधी दुकानात होणाऱ्या खेळाला) तर मी आयुष्यात कधी गेलेलो नाही. आणि तुम्ही म्हणता हेही टाकू नको.

दुसरं, प्रिव्ह्यू वाचणं म्हणजे नुसती हाव नाही. कार्ड न खेळता त्याची किंमत ओळखणं हा खेळाचाच भाग आहे. २००७ चा फ्युचर साइट सेट आठवा. त्यातला टारमोगॉइफ आधी बहुतेकांनी बाजूला टाकला होता, पुढे तेच कार्ड खूप महाग झालं. त्याच्या कंसातल्या मजकुरात 'प्लेन्सवॉकर' (जगांमधून फिरणारा जादूगार) हा शब्द होता, आणि तेव्हा एकही प्लेन्सवॉकर कार्ड नव्हतं. ती पाच महिन्यांनी, ऑक्टोबरात, पहिल्या लॉर्विनमध्ये आली. ज्याने ती ओळ नीट वाचली त्याला पुढचं दार दिसलं. त्याच लॉर्विनमध्ये आपण परत चाललोय आणि मी गप्प बसू?

धुळे_लाल

आयक भाऊ, दोघांचंही मिटेल असा मार्ग मी गेल्या महिन्यात करून दाखवला. प्रिव्ह्यूमध्ये कार्डाचा पूर्ण मजकूर दिसतो ना? मग छापायचं. स्टँडजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे जाड कागदावर एका पानात नऊ कार्डं बसतात. कापून, जुन्या बेसिक लँडपुढे (साध्या जमिनीच्या कार्डापुढे) ठेवून स्लीव्हमध्ये सरकवली की झालं. अवतारची वीस कार्डं मी बाजारात यायच्या आधी दोन आठवडे खेळलो. त्यातली सोळा नापास झाली. मग विकत घेतली फक्त चार. तुमचे १,९०० रुपये असेच वाचले असते.

भुसावळ_काळा

हे वाचून मला बोलावंच लागतंय. छापील कार्डं घेऊन कमांडरला (शंभर कार्डांच्या डेकचा खेळप्रकार) बसणं ही फसवणूक आहे. मी माझा डेक तीन वर्षांत उभा केला. दिवाळीचे पैसे, शिकवणीचे पैसे, एकेक कार्ड. समोरचा माणूस चाळीस रुपयांत त्याच ताकदीचा डेक छापून आणतो आणि मला हरवतो. मग मी ते पैसे कशासाठी घातले?

आणि हा रस्ता कुठे जातो ते मी भोगलंय. दोन वर्षांपूर्वी एका अनोळखी माणसाकडून १,५०० ला एक फेच लँड (जमिनीचं महागडं कार्ड) घेतली. हाताला जरा गुळगुळीत लागली. मामाचं जळगावच्या सराफ बाजारात दुकान आहे, तिथे घेऊन गेलो. मामाने दागिना बघायचं भिंग दिलं. खऱ्या कार्डाच्या मागच्या बाजूला पाच रंगांचे ठिपके असतात, त्यातल्या हिरव्यात चार बारीक लाल ठिपके इंग्रजी एल अक्षरासारखे बसलेले दिसतात. माझ्या बेसिक लँडवर ते स्वच्छ दिसले. त्या १,५०० च्या कार्डावर नुसता हिरवा-पिवळा चिखल होता. मामा म्हणाला, "सोन्याला निदान कसोटीचा दगड तरी असतो, तुमच्या कागदाला काय आहे?" मान वर करता आली नाही मला.

धुळे_लाल

तुझ्याशी झालं ते वाईटच. पण तो विकणारा चोर होता. मी विकत नाही, लपवत नाही, बसण्याआधी सांगतो. नकली माल आणि प्रॉक्सी (स्वतः खेळायला छापलेली नक्कल) एकाच तराजूत टाकू नको. मॅजिक काढणाऱ्या कंपनीनेच २०१६ च्या जानेवारीत लिहून सांगितलंय की अधिकृत स्पर्धेबाहेर, स्वतःपुरती, धंदा न करता खेळून बघायला केलेली कार्डं त्यांना चालतात. स्पर्धेत नाहीत. आपला रविवार कुठली स्पर्धा आहे?

भुसावळ_काळा

चालतात म्हणजे शोभतात असं नाही. तुला फुकटात जिंकायचंय, सरळ बोल.

धुळे_लाल

फुकटात? २०२२ मध्ये तिसाव्या वर्षाच्या नावाखाली कंपनीने स्वतःच जुनी कार्डं वेगळ्या पाठीवर छापली, स्पर्धेत न चालणारी. चार पाकिटं ९९९ डॉलरला. ब्लॅक लोटस, मॅजिकचं सगळ्यात नावाजलेलं जुनं कार्ड, निघालं तरी ते खरं नाहीच. त्यांनी केलं की संग्रह आणि धुळ्याच्या पोराने केलं की चोरी? माझा बाप एसटीत कंडक्टर होता. मी एका कार्डाला २,००० रुपये घातले तर मला रात्री झोप यायची नाही. आते काय सांगू तुला.

भुसावळ_काळा

माझा बाप रेल्वेत गँगमन होता. बापाचं नाव पुढे करून वाद जिंकता येत नाही.

गिरणाकाठ_पांढरा

दोघेही थांबा. बापांपर्यंत जाऊ नका. प्रॉक्सीचा धागा वेगळा काढा, इथे प्रश्न प्रिव्ह्यूंचा आहे.

चाळीसगाव_पांढरा

प्रिव्ह्यूंचाच प्रश्न असेल तर खरं दुखणं कोणी बोलतच नाहीये. २०२५ च्या सहा सेटपैकी तीन बाहेरून उसने आणलेले: फायनल फँटसी, स्पायडर-मॅन, अवतार. मी २०१९ पासून कॉम्प्युटरवर अरीना, म्हणजे मॅजिकचा डिजिटल खेळ, खेळतो. स्पायडर-मॅनच्या वेळी डिजिटलचे हक्क नव्हते, म्हणून अरीनावर तीच कार्डं दुसऱ्या नावांनी आणि दुसऱ्या चित्रांनी आली. प्रिव्ह्यूत एकाच कार्डाची दोन नावं. रविवारी टेबलावर कोणी कार्ड टाकलं की मला ते ओळखू येईना. मजकूर वाचल्यावर कळायचं की अरे, हे तर मी रोज खेळतो. मॅजिकची स्वतःची जगं काय कमी होती?

रावेर_निळा

लॉर्विन मॅजिकचंच जग आहे. म्हणूनच तर मी नाचतोय. तुम्ही माझ्या बाजूने या.

अमळनेरची_हिरवी

सगळं वाचलं. एक गोष्ट कोणी बोललं नाही, ती मी बोलते.

आपल्याकडे घरात 'पत्ते' म्हटलं की आखाजी (अक्षय तृतीया) आठवते. आमच्या गल्लीत आखाजीला मोठी माणसं ओट्यावर डाव मांडतात, पैसे लावतात, दोन दिवस कोणी काही बोलत नाही. तिसऱ्या दिवशी पत्ते दिसले की भांडण. मी कॉलेजमध्ये असताना आईने माझा पहिला डेक पिठाच्या डब्यामागे लपवून ठेवला होता, का तर "आखाजी गेली, आता कसला जुगार". तिला समजावायला मला वर्ष लागलं. मी सांगत राहिले की यात डोकं लागतं, बुद्धिबळासारखं. शेवटी एका दुपारी तिला समोर बसवलं आणि प्रत्येक कार्ड मराठीत वाचून दाखवत एक डाव खेळवला. तिने माझ्या प्राण्याला नको तेव्हा अडवलं आणि जिंकली. तेव्हापासून डेक फडताळात, देवाच्या पोथ्यांच्या खालच्या कप्प्यात.

म्हणून सांगते, धागा काढणाऱ्या भाऊचं म्हणणं निम्मं मला पटतं. पाकीट फोडणं आणि प्रीऑर्डर हा भाग जुगाराच्या जवळचा आहे, आणि आईला जी भीती होती ती तिथे खरी आहे. पण प्रिव्ह्यू म्हणजे नुसतं वाचणं. वाचायला पैसे लागत नाहीत. तुम्ही प्रीऑर्डरवर चिडलाय आणि राग प्रिव्ह्यूवर काढताय. आणि भुसावळच्या भाऊ, आईशी मी जो डाव खेळले त्यात तिच्या डेकमधली अकरा कार्डं वहीच्या कागदावर मी पेनाने लिहिलेली होती. ती फसवणूक होती का?

भुसावळ_काळा

ताई, आईंशी खेळणं वेगळं. ते मी मोजत नाही.

अमळनेरची_हिरवी

का वेगळं? त्या नव्या होत्या, पैसे घालायची तयारी नव्हती, खेळ कळावा एवढाच हेतू होता. आपल्या गटातली बारावीची पोरं याहून कुठे वेगळी आहेत?

भुसावळ_काळा

ठीक. नवीन पोरांनी छापलेलं मी खपवून घेईन. पण तीन अटी. मागची बाजू कोरी हवी, मॅजिकची पाठ छापलेलं एकही कार्ड मला टेबलावर दिसता कामा नये. बसायच्या आधी सांगायचं. आणि धुळेकराने माझ्या डेकला 'पैशाचा माज' म्हटलेलं मागे घ्यायचं. गेल्या रविवारी म्हणाला होता, मी विसरलेलो नाही.

धुळे_लाल

मागे घेतो. हरल्यावर बोललो होतो. पाठ मी कधीच छापत नाही, येऊन बघ.

गिरणाकाठ_पांढरा

ताईंचं उत्तर दोनदा वाचलं. प्रीऑर्डरचा राग आहे हे खरं, आणि तो इथे आला हेही खरं. पण एक गोष्ट मी सोडणार नाही. २०२३ मध्ये एका माणसाच्या हाती वेळेआधी पाकिटं लागली आणि त्याने ती उघडून व्हिडिओ टाकला, तर कंपनीने त्याच्या दारात खासगी गुप्तहेर पाठवले. कुठलं कार्ड कधी दिसावं हे त्यांच्यासाठी इतकं मोलाचं आहे. आणि ते मोल शेवटी आपल्याच खिशातून येतं. रावेरच्या भाऊला बांधावर बसून मिळणारा आनंद खरा आहे, मी तो हिरावून घ्यायला नको होता. पण तो आनंद आपल्यापर्यंत का पोचवला जातो, हेही पोरांना कळू दे.

रावेर_निळा, प्रिव्ह्यू टाक. रोज रात्री साडेदहानंतर, आणि किमतीचा एकही शब्द नको. "आत्ताच बुक करा" अशी लिंक दिसली तर मी काढणार. आणि फक्त फोटो टाकून पळू नको. कार्ड का चालेल, का चालणार नाही, ते चार ओळींत लिही. तुझं टारमोगॉइफचं वाचून मला ती ओळ नव्याने कळली.

येत्या रविवारी मेहरूणला माझ्याकडे बसू. सहा पाकिटं आहेत, दोघांचा ड्राफ्ट होतो. कोण बसणार?

रावेर_निळा

चार ओळी लिहीन. किमतीचं मान्य आहे. मला तसाही त्यात रस नाही.

ड्राफ्टला मी बसतो. शनिवारी माल निघाला की रविवारी मोकळा. पॅसेंजर भुसावळला थांबून राहिली तर अकरा वाजतील, तोवर पाकिटं फोडू नका.