‘बिगाटस’ला मराठीत काय म्हणाल?

– रोमन चांदीच्या नाण्यांविषयीचा मजकूर मराठीत आणतोय. ‘डेनेरियस’ला दीनार म्हटलं तर चालेल का? आणि ‘बिगाटस’, ‘सेराटस’ या नाण्यांच्या नावांचं काय करू?

– दीनार नको. शब्द तिकडूनच आला हे खरं, पण इकडे येईतो त्याचा धातू बदलला. डेनेरियस चांदीचा; गुप्तांच्या लेखांतला दीनार सोन्याचा. वाचकाच्या डोळ्यांपुढे पिवळं नाणं येईल. डेनेरियसच राहू द्या. मूळ अर्थ ‘दहाचा’. इ.स.पू. 211च्या सुमारास तो निघाला तेव्हा त्याला दहा ‘अस’ (रोमची कांस्याची नाणी) मिळत, म्हणून रोमादेवीच्या पंखवाल्या शिरस्त्राणामागे दहाची खूण, X. पुढच्या शतकात भाव सोळा अस झाला, नाव मात्र दहाचंच राहिलं. (सोळा आणे आठवले ना?)

– बिगा म्हणजे दोन घोड्यांचा रथ. नाण्याच्या मागच्या बाजूला घोडे उधळलेले, रथात चंद्रदेवी लूना किंवा विजयादेवी. लोकांनी चित्रावरूनच नाव पाडलं. आपण तरी वेगळं काय केलं? राणीछाप रुपया, अंकुशी रुपया. तेव्हा ‘रथछाप’ लिहा. ‘द्व्यश्वरथांकित’ वगैरे कृपा करून नको, त्या नावाने कोणी नाणं मोडून देणार नाही.

– नुसतं ‘रथछाप’ पुरणार नाही. डेनेरियसच्या आधीचं चांदीचं नाणं क्वाड्रिगाटस, त्यावर जुपिटरच्या रथाला चार घोडे. म्हणून ‘दुघोडी रथछाप’ आणि ‘चौघोडी रथछाप’.

– दुघोडी आवडलं. आणि सेराटस?

– ‘सेरा’ म्हणजे करवत. ‘दातेरी’ हा आपला शब्द अगदी चपखल. फक्त आजच्या नाण्यांच्या कडेवरच्या बारीक रेघांशी गल्लत नको. इथे कडेला चांगल्या खोल खाचा मारलेल्या असतात. रोमन इतिहासकार टॅसिटस लिहितो की जर्मन लोक जुनी, ओळखीची नाणीच पसंत करत, दातेरी आणि दुघोडी. सम्राट नीरोने इ.स. 64च्या सुमारास डेनेरियसचं वजन आणि कस दोन्ही उतरवले होते, त्यामुळे त्यांची पारख काही चुकीची नव्हती.

– शेवटचं. अनेकवचन ‘डेनेरी’ करू का?

– छे. तो डेनेरियस, ते डेनेरियस. पाच होन म्हणतो तसं पाच डेनेरियस.