हँडलच्या थरथरीने बाबांची बोटं बधिर होतात, पाइपात शिसं भरावं का?

नमस्कार मंडळी. आमचं गाव आर्णीजवळ. बाबा पहाटे दुधाच्या कॅना बांधून ३६१ च्या महामार्गाने यवतमाळला जातात. गाडी १२५ सीसीची, जुनी. आधी रस्ता खराब होता तेव्हा वेग सारखा कमी-जास्त व्हायचा. आता चौपदरीवर गाडी ५५-६० वर एकसारखी चालते आणि नेमक्या त्याच वेगाला हँडल सगळ्यात जास्त थरथरते. घरी आल्यावरही बोटांत मुंग्या असतात, संध्याकाळी म्हशीची धार काढताना मूठ नीट आवळत नाही. मला याची फार काळजी वाटते. डॉक्टरांना दाखवणारच आहे, पण गाडीचंही काही करायचं आहे.

दोष चाकाचा नाही, हे तपासलं. डबल स्टँडवर न्यूट्रलमध्ये रेस दिली तरी इंजिनाच्या त्याच आवाजाला तीच थरथर येते. तिसऱ्या गिअरमध्ये कमी वेगाला तो आवाज आला की तिथेही तेच. इंजिन मिनिटाला ४८०० फेरे घेत असेल तर हँडलला सेकंदाला ८० हिसके बसतात, आणि एका सिलिंडरच्या इंजिनात ते पूर्ण कधीच जात नाहीत. इंजिनाचे फाउंडेशन बोल्ट, कोन सेट (हँडल ज्यावर वळतं ते बेअरिंग), चेन सगळं मिस्त्रीने पाहून घट्ट केलं. ग्रिपवर सायकलची ट्यूब चढवली, पण मूठ जाड होऊन बाबांचा हात उलट जास्त दुखायला लागला. काढून टाकली.

हँडलच्या टोकांना वजन दिलं की थरथर दुसऱ्या वेगावर सरकते, हे माहीत आहे. लेथवाला लोखंडी सळीचे तुकडे कातून द्यायला तयार आहे. दुसरा विचार असा, की भोई लोक जाळ्याला लावतात त्या शिशाच्या गोळ्या पाइपात भराव्या. शिसं लोखंडापेक्षा जड, शिवाय गोळ्या एकमेकींवर घासून थोडी थरथर जिरवतील. रेती स्वस्त आहे, पण ओल धरते, पाइप आतून गंजेल. हँडल गंजून मोडणं मला नको.

अडचण दोन जागी आहे. स्विच बसायला पाइपाला बारीक भोक असते, तिथून गोळ्या सांडून वायरीत जाण्याची भीती. आणि उजवीकडे रेसची नळी पाइपावर फिरते, वजन तिला घासलं आणि रेस परत आली नाही तर जिवावर बेतेल. त्या बाजूला किती फट ठेवता?

ज्यांनी हे स्वतः केलं त्यांनी सांगा: दर टोकाला किती ग्रॅम लागलं? गोळ्या पूर्ण पाइपात भरल्या की फक्त टोकांना, आणि आत कशाने अडवल्या? हँडल धरून ठेवणाऱ्या क्लॅम्पखाली रबर घालायचं कोणी सुचवलं आहे, पण कॅना लादलेल्या असताना हँडल सरकलं तर? म्हणून ते मी करणार नाही. वेल्डिंगही नको. दूध वाहणाऱ्या कोणा भाऊने यातलं काही करून पाहिलं असेल तर जरूर लिहा, फोटो असेल तर टाका.