जिमला आठवड्याला चारच दिवस मिळतायत, स्प्लिट (कुठल्या दिवशी कुठले स्नायू) कसा लावू?

उशिरा_उठणारा:
वय २६, वजन ६८ किलो, जिमला वर्ष होत आलं. सध्या सोमवारी छाती, मंगळवारी पाठ, बुधवारी खांदे, शुक्रवारी हात आणि शनिवारी पाय. छातीच्या दिवशी वीस-बावीस सेट (सलग उचलण्यांच्या फेऱ्या) होतात, शेवटी केबल फ्लाय करताना हात नुसते थरथरतात. शनिवारी हमखास कामाचं काहीतरी निघतं आणि पाय बुडतात. आता शिफ्ट बदलली, त्यामुळे सोम, मंगळ, गुरू, शुक्र एवढेच दिवस, रोज सव्वा तास. पुश-पुल-लेग्ज (एक दिवस ढकलायचे, एक दिवस ओढायचे व्यायाम, एक दिवस पाय) केलं तर एक दिवस उरतो, तो हातांना देऊ का? स्पर्धाबिर्धा नाही, अंग भरायला हवं एवढंच.

बारबेल_काका:
हातांना वेगळा दिवस कशाला? चार दिवस म्हणजे सरळ अप्पर-लोअर. सोमवार-गुरुवार वरचं अंग, मंगळवार-शुक्रवार पाय.

दिवस नंतर ठरव, आधी प्रत्येक स्नायूचे आठवड्याचे सेट मोज. वाढीसाठी साधारण १० ते २० सेट लागतात, तेही कसून केलेले. तू एकाच दिवशी बावीस ओढतोस, त्यातले शेवटचे आठ-दहा थकलेल्या छातीवर, वजन उतरवून. त्यापेक्षा सोमवारी सहा-सात आणि गुरुवारी सहा-सात कर, प्रत्येक सेट दमदार होईल. एकूण सेट सारखे असतील तर दिवस किती यानं फार फरक पडत नाही, पण तुझे सेट सारखे राहतच नाहीयेत, हीच तर अडचण आहे. शिवाय एखादा शुक्रवार बुडाला तरी मंगळवारी पाय झालेले असतात.

सोमवारी बेंच (छातीचा) ४ सेट, रो (वजन अंगाकडे ओढायचा, पाठीचा) ४, इन्क्लाइन डंबेल ३, लॅट पुलडाउन ३, लॅटरल रेज ३. शेवटी कर्ल आणि पुशडाउन आलटून पालटून दोन-दोन, वेळ वाचतो. गुरुवारी सुरुवात ओव्हरहेड प्रेस आणि पुल-अपने, बाकी तसंच. मंगळवारी स्क्वॉट, लेग कर्ल, लेग एक्स्टेंशन, पोटऱ्या. शुक्रवारी रोमेनियन डेडलिफ्ट, लेग प्रेस, लेग कर्ल, पुन्हा पोटऱ्या. पोटऱ्या टाळू नकोस, सगळे टाळतात.

मोठ्या व्यायामांना (बेंच, स्क्वॉटसारख्या, एकदम अनेक स्नायू लागणाऱ्या) ६ ते १०, छोट्यांना १० ते २० रेप्स, म्हणजे एका सेटमधल्या उचलण्या. अजून एक-दोन निघाल्या असत्या, अशा ठिकाणी थांब. मोठ्या सेटनंतर दोन-तीन मिनिटं बसायचं, मोबाइल बघत सात मिनिटं नव्हे! बेंचच्या चारही सेटमध्ये १० रेप्स निघाल्या की पुढच्या वेळी अडीच किलो वाढव. वहीत लिही, डोक्यात राहत नाही.

माजी_पाठदुखी:
काकांचा आराखडा पटतो, एक बदल मात्र सुचवेन. सोमवारचा रो वाकून बारबेलने करू नका. कंबर दमते आणि मंगळवारी स्क्वॉटला पायांआधी तीच बोलायला लागते. छाती टेकवून करायचा मशीन रो घ्या. वाकून करायचा असेल तर तोही गुरुवारी नको, कारण शुक्रवारी रोमेनियन डेडलिफ्ट आहे, त्यातही कंबरेवर ताण येतो. म्हणजे या वेळापत्रकात त्याला जागाच नाही, आणि काही बिघडत नाही.

पायांचे दोन दिवस एकदम पूर्ण ताकदीने सुरू करू नका. आतापर्यंत पाय बुडतच होते. पहिले दोन आठवडे प्रत्येक व्यायामाचे दोनच सेट ठेवा, नाहीतर जिना उतरताना कठडा धरावा लागेल.

उशिरा_उठणारा:
दोघांचे आभार. पण खांद्यांचा दिवसच गेला की! आणि दंडांना दोन दिवस मिळून चार सेट पुरतील?

बारबेल_काका:
खांद्याचा पुढचा भाग बेंच, इन्क्लाइन आणि प्रेसमध्ये पुरेसा दमतो, त्याला वेगळं काही नको. बाजूचा भाग मात्र प्रेसने फारसा भरत नाही, म्हणून लॅटरल रेज दोन्ही दिवस. मागच्यासाठी गुरुवारी फेस पुल टाक. दंडांचं म्हणशील तर रो, पुलडाउन, पुल-अप सगळीकडे बायसेप्स (दंडाचा पुढचा स्नायू) राबतच असतो; ट्रायसेप्सचंही (मागचा) तेच, प्रेसमध्ये. ते सेट अर्धे धरले तरी आकडा दहाच्या जवळ जातो. महिना-दीड महिन्याने हात मागे वाटले तर दोनाचे तीन सेट कर.

प्रोटीनचं तू विचारलंच नाहीस. किलोमागे १.६ ग्रॅम धर, तुझे ११० च्या आसपास होतात. आणि वजनकाटा महिनाभर हललाच नाही, तर स्प्लिट बदलू नकोस, जेवण वाढव.

माजी_पाठदुखी:
आणि झोप. नाव उशिरा उठणारा आहे, पण झोपता किती वाजता?